निळगळ्याला साक्षीदार हवा

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरचा आहे. परवा तळ्याकाठच्या चिखलात पोटावर आडवा झालो, तोच तुमच्या नावे पाठवतो आहे.) तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो? डोळ्यांबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही, कारण मोतीबिंदूचा विषय निघाला की तुम्ही पत्र ऐकायचं सोडून रेडिओ मोठा करता, असं मामी कळवतात. मामी, वाचून दाखवताय त्याबद्दल आभार. कंसातलंही वाचा, फक्त मी सांगेन तेवढं सोडा.

तर पानं पिवळी पडली, स्वेटर बाहेर निघाले आणि पाण्याच्या टाकीमागच्या आपल्या तळ्यावर निळगळ्या आल्याची कुणकुण लागली. पंपवाला म्हणाला, "चिमणीएवढं काहीतरी होतं, गळ्याला निळा रुमाल बांधल्यासारखं." तुम्ही ज्याचं बारसं केलंत त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार? या दिवसांत तो लव्हाळ्यात उतरतो आणि थंडी कडक झाली की पुढे निघून जातो, हे तुम्हाला सांगणं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. मी चंगच बांधला. रोज दुकान उघडण्याआधी आपल्या त्या फुटक्या पाइपावर ठाण मांडून बसू लागलो. (पाइपाची तुमची बाजू रिकामीच ठेवतो. तिथे हल्ली एक बेडूक बसतो, पण तोही जरा अंग चोरून.) एका सकाळी लव्हाळ्यात निळं काहीतरी हललं. श्वास रोखून पुढे सरकलो, पाय घसरला, वर सांगितलेला नमस्कार घडला, आणि हाताला लागलं बाटलीचं झाकण. घरी बायकोने दारातच अडवून आधी कपडे आत घेतले, मग मला.

पण हार मानेन तर तुमचा भाचा कसला! निळगळ्याचा आवाज इंटरनेटवरून फोनवर उतरवून घेतला आणि लव्हाळ्याकडे तोंड करून लावला. काय सांगू मामा, पलीकडून उत्तर आलं! पुन्हा लावला, पुन्हा उत्तर. डोळ्यांत पाणी आलं हो. आठवडाभर आमच्या गप्पा चालल्या होत्या. शेवटी राहवेना, बूट काढले आणि गुडघाभर पाण्यातून लव्हाळी सारत पलीकडे गेलो, तर समोर आपला दातांचा डॉक्टर. पॅन्ट दुमडलेली, हातात फोन, डोळ्यांत माझ्यासारखंच पाणी. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांनाच निळगळ्या समजून साद घालत होतो! तुम्ही असतात तर पहिल्याच सादेला म्हणाला असतात, "अरे गाढवा, पक्षी मधे श्वास घेतो, हा घेत नाही."

तर निळगळ्या काही दिसलेला नाही. आणि मला एकट्याला दिसून तरी काय उपयोग? 'एकाने पाहिला तो भास, दोघांनी पाहिला तो पक्षी' हा नियम तुमचाच. साक्षीदार म्हणून डॉक्टर कामाचा नाही, तो बगळ्यालासुद्धा 'आ करा' म्हणेल. साक्षीदार तुम्हीच हवेत. दुर्बीण पुसून ठेवली आहे, तिचा पट्टा नवा शिवला आहे, राहता राहिले डोळे. मी गावभर लोकांना चष्मे लावतो आणि माझ्या मामापुढे धुकं, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सोमवारची वेळ घेतली आहे. (विचारणार नाही म्हणालो होतो. विचारत नाहीच, सांगतो आहे.) रागवा, गाढव म्हणा, रेडिओ हवा तेवढा मोठा करा. मी न्यायला येणार म्हणजे येणार. थंडी कडक होण्याआधी तुम्ही पाइपावर हवेत.

हट्टात तुमच्यावरच गेलेला,
तुमचा भाचा

ता. क. येताना ती जुनी टोपी आणा. बेडकाला ओळख पटवावी लागेल.

आणखी एक ता. क. मामी, हे वाचून दाखवू नका. निळगळ्या दिसला. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात एकमेकांना दोष देत होतो, तेवढ्यात मधल्या दगडावर येऊन बसला, शेपटी उडवली, सावकाश गळा दाखवला आणि गेला. डॉक्टरनेही पाहिला, म्हणजे नियमसुद्धा पुरा झाला. पण मी आनंदाने बाजूला वळून "मामा, बघा!" म्हणालो आणि डॉक्टर बिचारा "हो, हो" म्हणाला. त्यानंतर तळ्यावर मन लागत नाही. सोमवारपर्यंत हे पोटात ठेवा. आणि रेडिओतल्या बॅटऱ्या काढून ठेवा.