माझ्या वाटेची वाळू

४ मार्च
खिडकीची खालची काच वाळूत गेली. मुलगा म्हणाला, वरची गेली की घर सोडायचं, शहरात खोली बघून ठेवलीय. म्हटलं, तू जा, मी छपरातून ये-जा करीन. सून हसली. तिला हसायला काय जातंय — तिने झाडलेलं पुन्हा मीच झाडते!

७ मार्च
एक मुलगी आलीय, वारा मोजायला. घरासमोरच्या वाळूच्या टेकडीवर काठ्या रोवल्या, प्रत्येकीवर फिरत्या वाट्या. म्हणे, वाळू कुठून येते ते शोधतेय. म्हटलं, समुद्राकडून. एवढी शिकून हेही कळेना!
तरी चहा दिला. फार वाळलीय.

८ मार्च
होड्यांवर आजही पहिली मीच. टेकडीतून सरळ माझी वाट, चाळीस वर्षांची. बाकीच्या बायका रस्त्याने वळसा घालून येईतो चांगली मासळी माझ्या टोपलीत. शेजारणीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

११ मार्च
वारेवालीबरोबर टेकडीवर गेले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. तिने वाकून बघायला लावलं. वाळू उडत नाही, उड्या मारते! एक कण पडतो, दुसऱ्याला उठवतो, सगळं घोट्याच्या उंचीवर. वारा चढ चढतो, माथ्यावर त्याला जोर येतो. पलीकडे उतरला की दम जातो, मग हातातलं सगळं तिथेच टाकतो. आमचे हे असेच होते. बाहेर जोर, घरी आले की पिशवी दारात.
मग माझ्या खिडकीपर्यंत वाळू येते कशी? म्हणाली, उद्या सांगते.

१२ मार्च
माझ्या वाटेतल्या वाट्या सगळ्यांत जोरात फिरतात. तिथलं गवत पायाखाली मेलंय. वारा त्या खाचेत घुसतो, अरुंद जागेत पळतो, वाट खणतो आणि ती वाळू आमच्या खिडकीवर ओततो.
वारेवालीने विचारलं, "आजी, ही वाट कोणाची?"
म्हटलं, शेळ्यांची.

१३ मार्च
दोन वर्षं सुनेला बोलतेय — नीट झाडत नाहीस, म्हणून वाळू साचते.

१५ मार्च
वारेवालीला खरं सांगितलं. म्हणाली, शेळ्या चपला घालत नाहीत, आजी.
वाट बंद करायची. आडवं कुंपण घालायचं, फांद्यांचं, फटी ठेवून. भिंत नको, भिंतीवर वारा उसळतो. फटींतून गेला की थकतो, वाळू तिथेच टाकतो. मागून गवत लावायचं. मी रस्त्याने जायचं. म्हणजे मला आता माशांची उरलेली डोकी!

१८ मार्च
कुंपण झालं. सून न बोलावता आली, फांद्या ओढल्या. तिला म्हटलं, तुझ्या झाडण्याची चूक नव्हती.
म्हणाली, "ठाऊक आहे."
आगाऊ.

२ एप्रिल
होड्यांवर शेवटची. शेजारीण हसली.

१९ एप्रिल
वाळू काचेच्या त्याच रेघेवर. बोटभरही चढली नाही. मुलाने शहरातली खोली नको म्हणून कळवलं.

२० एप्रिल
मुलाला सांगून टाकलं, घर माझ्या वाटेने बुडत होतं. तो म्हणाला, "दोन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. तुझी वाट बंद करवेना, म्हणून बोललो नाही." सुनेकडे बघितलं. ती पातेलं घासत राहिली. म्हणजे तिलाही! माझी सगळी बोलणी खाल्ली, वाटेचं नाव काढलं नाही.
दोघांना म्हटलं, वेळेवर तोंड उघडलं असतंत तर खालची काच वाचली असती.
मग बराच वेळ झाडत बसले. झाडायला काही नव्हतं.