बगळ्याचा रंग

आरमोरी,
६ ऑक्टोबर १९५७

प्रिय लटारू,

अक्षर ओळखलंस ना? तिसरीत तुझ्या तळहातावर छडीचे वळ उठवणारा हात तोच आहे, फक्त आता जरा थरथरतो. तुझा पत्ता मोटारीच्या कंडक्टरकडून काढला. तो म्हणाला, "बल्लारपूरले कागदाच्या गिरनीत हाये बाई तो. मजेत हाये." कागदाच्या गिरणीत मजेत असलेल्या माणसाला दोन वर्षांत घरी लिहायला वीतभर कागद मिळू नये, याचं मला नवल वाटलं. पण मास्तरणीला नवल वाटून घ्यायची सवयच असते. तुझी आई मात्र तुझ्यावर रागावलेली नाही. त्यात तुझं काही पुण्य नाही, ते पुढे सांगते.

तू निघालास तेव्हा अंगणात उभा राहून जे बोललास ते साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं होतं: "तुले डोळ्यापरीस कुत्रं प्यारं असन, तं त्यालेच सांभाळ!" तुझं म्हणणं चूक नव्हतं. तुझ्या आईला, शकुबाईला, मोतीबिंदूपायी दिवस-रात्र एवढंच कळत होतं आणि चांद्याचे डॉक्टर ती नीट करू शकत होते. पण तिचंही काय चूक होतं? तिला विहिरीवर नेणारा-आणणारा तो कुत्रा, बगळ्या. ती महिनाभर दवाखान्यात पडली तर त्याला घालणार कोण? कुलूप लागलेल्या घरासमोरचं कुत्रं आपल्याकडे चार दिवसांत बिबट्याच्या पोटात जातं. आणि मुळात ते कुत्रं तिला आणून दिलंस तूच.

तर ऐक. मालगुजारी गेली तेव्हा मालगुजाराचा तबेला रिकामा झाला आणि त्याच्या घोड्याचा सईस मुखरू, तोही रिकामा झाला. तू गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला गेलेली माणसं परत आली, तर सहा घरच्या बकऱ्या आणि चार कुत्री नाहीशी. बकरी गेलेली सोमारी तर ओसरीवर बसून माणूस मेल्यासारखी रडली. तेव्हा बायाच उठल्या. तबेल्याला नवं कवाड लावलं, आणि ठरलं की ज्याला गाव सोडून जायचं, मजुरीला म्हणा, बाळंतपणाला म्हणा, दवाखान्यात म्हणा, त्यानं जनावर इथे ठेवावं. येताना भाताच्या तणसाची एक पेंढी आणावी, परत आल्यावर एक दिवस पाळीनं शेण काढावं. आणि मालकानं आपलं वापरलेलं एक धडपं ठेवून जावं, कारण धन्याचा वास नसला की कुत्रं पेजेला तोंड लावत नाही. मुखरू दिवसभर तिथेच असतो. कारभार माझ्याकडे आला. शाळेतली पोरं आणि तिथली जनावरं यांत फरक एवढाच, की जनावरं खाऊन झाल्यावर गप्प बसतात.

यंदा चांद्याला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मी शकुबाईसमोर जाऊन बसले. म्हटलं, आता सबब सांग. तिनं बगळ्याचे कान चाचपले. मग म्हणाली, "तू सोता पाहाशीन?" मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी ती मोटारीत बसली. तिसऱ्या दिवशी पट्टीसकट खाटेवरून उतरून फाटक शोधत निघाली होती म्हणे! नर्सनं धरून आणली. तेव्हापासून मी एक दिवसाआड कार्ड टाकू लागले: आज बगळ्यानं पेज खाल्ली, आज बगळ्या मांजरीवर भुंकला. नर्स वाचून दाखवायची आणि ही निजायची.

खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस बगळ्यानं पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. तिचं धडपं पुढ्यात टाकलं, तर त्यावर डोकं ठेवून नुसता फाटकाकडे बघे. चौथ्या दिवशी मुखरूनं मिशीला पीळ दिला, तिच्या घरून हिरवं लुगडं आणलं, डोक्यावरून पदर घेतला आणि कटोरा घेऊन बसला. कुत्र्यानं पेज चाटून पुसून खाल्ली. मुखरू महिनाभर सकाळ-संध्याकाळ शकुबाई झाला. गावानं त्याला "काऊन बाई, सयपाक झाला का?" विचारून पुरतं छळलं, पण त्यानं एक दिवस नागा केला नाही.

इथवर आमची शान होती. मग शकुबाई परतली. डोळ्यांवर शिशीच्या बुडाएवढी जाड भिंगं. मोटारीतून उतरली ती घरी गेलीच नाही, तडक तबेल्यावर. त्या दिवशी तिथे जंगलाकडल्या गावाचा पोचू आपली कोंबडी घेऊन आणि कलाबाई बकरी घेऊन, जनावरं इथे रुळतात का बघायला उभे होते, दोघांचेही डोळे पुढच्या शिबिरात व्हायचे होते. बगळ्यानं ओरडून तबेला डोक्यावर घेतला, तिच्या पायात लोळला. शकुबाईनं चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. "हे कोनाचं व? हंड्याच्या बुडावानी! माहा बगळ्या पांढरा हाये, दुधावानी. लटारूनं सांगतलं हाये मले."

बाबा रे, तू सांगितलं होतंस! काळं, कान फाटलेलं, शेपटीला अर्धवट केस, असलं कुत्रं आंधळ्या आईच्या हाती देऊन पांढरंशुभ्र म्हणालास, नावही बगळ्या ठेवलंस, आणि तीन वर्षं साऱ्या गावानं ते खोटं एकजुटीनं सांभाळलं. या गावाचं एवढं एकमत मी दुसऱ्या कशावरही पाहिलेलं नाही. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुखरू म्हणाला, "उन्हानं काळा पडला बाई." ती म्हणाली, "मंग तुही पांढरी मिशी काऊन नाई काळी पडली उन्हानं? माहा कुत्रा बदलला तुमी!" पोचूनं कोंबडी काखेत मारली. कलाबाईनं बकरीचं दावं सोडलं. विश्वासच उडाला; दोघांचेही डोळे तिथल्या तिथे बुडाले होते, आणि तबेलाही.

ती तरातरा घराकडे निघाली. खरा सापडेपर्यंत म्हणून का होईना, तिनं त्याला हाकललं नाही; हा काळा तिच्या मागे. मी दहा पावलांवर. ती भिंगं कशी असतात ठाऊक आहे? जमीन वर उचलून दाखवतात. नाल्यावरची फळी तिला होती तिथे दिसेना. ती भलत्याच जागी पाय टाकणार, तोच कुत्रा पुढे होऊन तिच्या पायांत आडवा उभा राहिला. रोज विहिरीच्या वाटेवर राहायचा तस्साच, बाजूला होईना. शकुबाई थांबली. खाली बघितलं. मग म्हणाली, "सरक ना बे बगळ्या," आणि त्याच्या मानेवर हात ठेवून फळीवरून गेली.

दुसऱ्या दिवशी तबेल्यावर आली आणि पोचूला आणि कलाबाईला बोलावणं धाडलं. दोघं आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "पोचूभाऊ, ठेव तुही कोंबडी बिनधास्त. इथी रंग बदलते, जनावर नाई बदलत." कलाबाई हसत हसत बकरी बांधून गेली. काल दोघांचीही नावं चांद्याला कळवली.

आता मी हे का लिहिते आहे ते. शेण काढायची आपली पाळी संपवून शकुबाई माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "रुखमा, तू लटारूचे जे कागद वाचून दाखवतं, ते दिवाळीले घेऊन ये. वाचता नाई येत मले, पन लेकाचं अक्षर पाहीन." लटारू, दर महिन्याला तुझं पत्र आलं म्हणून मी तिच्या ओसरीवर बसून शाळेच्या हजेरीपटाचे कागद वाचत होते. दोन वर्षं. तुझ्या वतीनं क्षमा मागितली मी, तुझी खुशाली कळवली, तुझ्या तोंडी चार चांगले शब्द घातले, जे तुझ्या तोंडी कधी कुणी ऐकले नव्हते. म्हणून ती रागावलेली नाही. मी बरं म्हटलं आणि घाम पुसला. उठताना ती म्हणाली, "हरेक कागदात तो बगळ्याले पुसते. माह्या लेकानं त्या कुत्र्याले जल्मात पुसलं नाई." आणि निघून गेली. किती दिवसांपासून तिला माहीत होतं, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तेव्हा पत्र पाठवू नकोस, तूच ये. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारची मोटार आहे. आणि हो, तुझं अंग भरलं आहे असं मी तिला वाचून दाखवलं आहे, म्हणून निघेपर्यंत रोज दोन भाकरी जास्त खा.

तुझीच, छडी विसरलेली,
रुखमा मावशी