इंग्लंडच्या कायद्याने वेडा

१२ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. डोकं शांत राहतं म्हणे.
काल सकाळी नामाशेठच्या नव्या गाडीची काच फोडली. पेव्हर ब्लॉकने. नामाशेठ म्हणजे आमचे घरमालक, जुईनगरच्या जुन्या गावठाणातले. गाडी रिव्हर्सला घेतली की माझ्या खिडकीखाली ती ट्यून वाजते. फोडायची नव्हती. हात गेला. पोलिसात तक्रार झाली.

१३ जानेवारी
टेन्शन केसचं नाही, टोळीचं आहे. अण्णा वाशी मार्केटला माथाडी, फेब्रुवारीअखेर रिटायर. बापाची जागा पोराला, हा रिवाज. पण त्यांच्या हमालांच्या टोळीने हो म्हटलं पाहिजे. मी तीन वर्षं ‘बघू’ म्हणत फिरलो. महापेला कुरिअर, मग गोवा, मग काहीच नाही. आता कुठे हो म्हटलं तर ही भानगड. पोलीस केसवाल्याला टोळी कशी घेईल? केस उडवायलाच हवी.

१५ जानेवारी
रस्ता सापडला. यूट्यूबवर. इंग्लंडात १८४३ साली मॅक्नॉटन नावाच्या लाकूडकाम करणाऱ्याने पंतप्रधान समजून त्यांच्या सेक्रेटरीलाच गोळी घातली. कोर्ट म्हणालं, वेडा आहे, निर्दोष. मग जज लोकांनी नियम बांधला: मनाच्या आजाराने आपण काय करतोय ते कळत नसेल, किंवा ते चूक आहे हे कळत नसेल, तर माणूस सुटतो. आपला कायदाही त्यावरूनच उचललेला. गोळीला माफी, मग काचेला का नाही?
व्हिडिओ पूर्ण बघितला नाही. मध्येच किल्ल्यांचा आला, तो बघितला. पॉइंट कळला.
उद्यापासून वेडा.

१८ जानेवारी
दोन दिवस स्वेटर उलटा घालतोय, भिंतीशी बोलतोय. कुणाच्या लक्षातच येत नाही. तेजश्रीला विचारलं, माझ्यात काही फरक वाटतो का. बहीण म्हणून खरं सांग. ती म्हणाली, तू असाच असतोस.
मेहनत वाढवावी लागणार.

२१ जानेवारी
स्टेशनबाहेर येणाऱ्या प्रत्येक बसला कडक सलाम ठोकला. एका कंडक्टरने उलटा सलाम केला. बरं वाटलं. त्याच बसने वाशीला गेलो, पाणीपुरी खाल्ली. मार्केटच्या गेटवर ट्रकना सलाम करताना अण्णांच्या टोळीतल्या दोघांनी बघितलं. साक्षीदार मिळाले. आजचा दिवस उत्तम.

२४ जानेवारी
आईने सोमवार धरलेत. विळी आणि सुऱ्या माळ्यावर गेल्या. अण्णा माझ्याकडे न बघता जेवतात. वाईट वाटतं. पण कोर्टात हेच कामाला येणार.

२९ जानेवारी
बेलापूरला वकील उज्वला मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, कायदा प्रत्येकाला शहाणाच धरून चालतो, वेड असेल तर ते आरोपीने सिद्ध करायचं. मग विचारलं, काच फोडणं चूक आहे हे कळत होतं का?
मी म्हटलं, “कळत होतं म्हणून तर पळालो.”
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
मॅक्नॉटनचं काढलं तर म्हणाल्या, तो सुटून घरी गेला नाही, मरेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात राहिला. व्हिडिओचा शेवट बघायला हवा होता. त्यांचा सल्ला: माफी माग, काच बसवून दे. एवढंच सुचवायला डिग्री कशाला लागते?

४ फेब्रुवारी
तरी गेलो माफी मागायला. नामाशेठने तोंड उघडू दिलं नाही. दारातूनच म्हणाले, “वेऱ्या मानसाशी कनाला भांडाचा? तक्रार सोरली मी. जा पोरा, घरा जा.” त्यांच्या बायकोने, पुतळाकाकूंनी, ताटलीत लाडू ठेवून ताटली लांबूनच सरकवली.
जिंकलो. कोर्टाची पायरी न चढता. मॅडमना मेसेज टाकला. उत्तर नाही. जळल्या असतील.

९ फेब्रुवारी
धनाजीकाका आले होते, टोळीचे मुकादम. अण्णांची जागा किसनला द्यायची ठरलीय. किसन म्हणजे माझा चुलतभाऊ, मागच्या महिन्यात साताऱ्याहून आलेला.
मी म्हटलं, केस तर मिटली.
काका म्हणाले, “आरं केसचं काय घेऊन बसलास. आमच्यातल्या निम्म्यांवर केसा हायत्या. पण पाठीवर पोतं देताना समोरचा भानावर पायजे.”
सगळं सांगितलं. मॅक्नॉटन, कायदा, नाटक. काकांनी शांतपणे ऐकलं, मग आईला हळूच विचारलं, औषध चालू केलं का.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांकडून लिहून आणलं, पेशंटला कसलाही आजार नाही. मार्केटला जाऊन काकांना दाखवलं.
काका म्हणाले, “शहाण्याला कागुद कशाला लागतो, लेका?”
टोळी हसली. अण्णा हसले नाहीत. पोत्यांच्या थप्पीमागे निघून गेले.

२८ फेब्रुवारी
अण्णांचा शेवटचा दिवस. हार घालून सोडलं त्यांना. संध्याकाळी त्यांनी आपला पोती उचलायचा हूक तेल लावून पुसला आणि किसनच्या हातात दिला. तो कसा धरायचा ते दाखवलं.
किसन गेल्यावर त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, “अण्णा, मी वेडा नाही.”
ते म्हणाले, “मला म्हाईत हाय. येड असतं तर उतरलं असतं.”
उद्यापासून टोळीत जायचं म्हणून मोबाइलला जानेवारीतच पहाटेचा अलार्म लावून ठेवला होता.
काढला.