तेहतीस अनारसे आणि दोन जावई

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

चि. विश्वजीत यास दाजी बद्रीनाथचे अनेक आशीर्वाद. तुझी ताई बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाय. मी बरा आहे, पण कुणी विचारत नाय. पुण्यात तुझी तब्येत कशी? (तुझ्या गोकुळचीही बरीच असंल. त्याला काय होतंय!)

तर परवाचं. वीस वर्षं झाली, वैजापूरला सासूबाईंकडं धोंड्याच्या महिन्यात एकच पाट मांडतात, माझा. यंदा दोन मांडले! म्हणे, "विश्वजीतनं याच्याशी संसार मांडलाय. सून म्हणावं तर मिशा आहेत, मग जावईच की!" वर ओवाळलं त्याला, तेही माझ्या आधी. माझा जीव असा जळला म्हणतोस! मी म्हणालो, ज्याला पोरगी दिली तो जावई, हा कसला? (जरा मोठ्यानं म्हणालो, व्हय.) तुम्ही दोघं भरल्या ताटावरून उठून गेलात.

आमच्या अमृतानं लगेच निदान केलं, "बाबा, तुम्हाला होमोफोबिया आहे." मला वाटलं, रोगच लागला. गुपचूप जाऊन बीपी तपासलं, नॉर्मल निघालं. मग मोबाईलवर शोधलं. ग्रीकवरून घडवलेला शब्द. फोबिया म्हणजे भीती. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञाला तो सुचला. तोवर लोक तुम्हालाच आजारी म्हणायचे. यानं रोगीच बदलला. (म्हणजे मी.) आता काही शहाणे म्हणतात, भीती कसली, हा निव्वळ द्वेष, भीती म्हटलं की माणूस फुकट सुटतो. मी अमृताला म्हणालो, भीती नाय अन् द्वेषबी नाय, मला त्याचा लई हेवा वाटतो. सासूबाई माझ्याकडं बघून कधी हसल्या नाहीत, अन् त्यानं पाण्याची मोटर दुरुस्त करता करता त्यांना खदखदून हसवलं! तर पोरगी म्हणते, मला एखादी मावशी असती अन् तिचा नवरा आला असता, तर त्याला असं ताटावरून उठवलं असतं का?

मी कागद-पेन काढलं अन् हे पत्र लिहायला बसलो.

बाकी काय लिहू? जळतोच आहे.

तुझा दाजी,
बद्रीनाथ

ता. क. अनारशाचं पीठ सासूबाईंनी झाकून ठेवलंय. गोकुळ पाटावर बसल्याशिवाय कढई चढणार नाय म्हणतात. महिना सरायच्या आत दोघं या. सगळ्यांदेखत बोललो, माफीबी सगळ्यांदेखत मागीन.

ता. ता. क. अनारसे तेहतीस होतात. सोळा गोकुळचे, सतरा माझे. थोरला जावई मी आहे.