काकूच्या टेबलावर आलेली प्रुफं

प्रिय वकीलबाई,

या नावाने तुला हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नसेल, म्हणून मुद्दाम मारतेय. माझ्या लेकीने, भिंगरीने ठेवलेलं नाव. पोहण्याच्या सरांनी सरावात जास्तीच्या फेऱ्या सांगितल्या की तू तलावाच्या काठाला धरून त्यांच्याशी हुज्जत घालायचीस आणि तेवढ्यात बाकीचे तिघे दम खाऊन घ्यायचे, असं ती घरी येऊन रंगवून सांगायची. तुझी खुशाली तुझ्या आईकडून कळत असते. नोकरी बदललीस, केस कापलेस, आणि स्वयंपाकाच्या नावाने अजून बोंब आहे, हेही कळलं. माझं म्हणशील तर बरं चाललंय. चष्म्याचा नंबर वाढला. जिन्याला नवा रंग दिलाय, तो इतका भडक आहे की खाली मान घालूनच वर यावं लागतं.

पण तू हे वाचताना मनात म्हणत असशील, काकू मुद्द्याचं बोल. तर बोलते. तुझी कादंबरी मी वाचली. अख्खी, हातात पेन्सिल घेऊन. आणि ती छापायची थांबवा, असा निरोप तू प्रकाशकांना दिलास, हेही मला काल छापखान्याच्या मालकांकडून कळलं. छापण्याआधी तपासायची प्रुफं नेमकी आमच्या छापखान्यात आली, काकूच्या टेबलावर पडली, हे ऐकून तू घाबरलीस. काकूच्या जखमेची खपली निघेल म्हणून पुस्तकच नको, असं तू म्हणालीस म्हणे. काकूला विचारलंस का पण? मालक माझ्या उत्तरासाठी थांबलेत आणि मी तुझ्या. तुझा हट्ट मला ठाऊक आहे, म्हणून फोन न करता हे लिहितेय. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस.

प्रुफं आली त्या दिवशी मालक गठ्ठा छातीशी धरून माझ्यासमोर उभे राहिले होते. घसा खाकरला, पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाले की हे काम आपण बाहेर देऊ या. वरच्या पानावर तुझं नाव दिसलं आणि मी तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला. इतकी वर्षं लोकांची पुस्तकं निस्तरली, आणि आमच्या घरी वाढलेल्या पोरीचं पुस्तक दुसऱ्याने तपासायचं? मला ते सहनच झालं नसतं.

आमच्याकडे अजून जुनी पद्धत आहे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ताडून पाहायचं. वाचायला आमचे दादा. माझ्याही आधीपासून इथे आहेत. ते स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हंसुद्धा तोंडाने उच्चारतात, आणि सगळं एका सुरात. प्रेमकथा असो की पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक, सूर तोच. तुझं पहिलं प्रकरण त्यांनी सुरू केलं. पाणी शांत होतं पूर्णविराम. ती पालथी तरंगत होती स्वल्पविराम हात पसरलेले पूर्णविराम. मला वाटलं होतं, मी उठून जाईन. नाही उठले. त्या पूर्णविरामांना धरून मी बसून राहिले. दादांचा आवाजही हलला नाही, फक्त पान उलटताना कागद त्यांच्या हातात चुरगळला आणि मग बराच वेळ ते तो टेबलावर सपाट करत बसले.

आता लेखिकाबाई, आधी तक्रारी ऐकून घे. तुझ्या नायिकेच्या अंगावर फार वेळा काटा येतो. प्रकरण संपत आलं की हमखास कुणीतरी दार वाजवतं. उद्गारचिन्हं तर तू मुठीने पेरली आहेस, त्यातली बरीच मी उपटली. आणि ती पुस्तकातली आई! जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, फिकट कपडे घालून खिडकीत उभी. अगं, मी कुठली उभी राहतेय खिडकीत? मी कामावर जात होते. नळ गळत होता तर प्लंबरला असं फैलावर घेतलं होतं की तो बिचारा पुन्हा आमच्या जिन्यात फिरकला नाही. रडले नाही असं नाही, खूप रडले, पण भांडी घासत, बसची वाट पाहत, टेबलावर मान खाली घालून. तेवढी ती बाई खिडकीतून हलव.

बाकी काय सांगू? तू फार चांगलं लिहिलंयस. मी कुणाला सहसा असं म्हणत नाही, आमच्या मालकांना विचार. टोपीचा भाग वाचताना तर पेन्सिल बाजूला ठेवून मी नुसती ऐकत राहिले. भिंगरी तलावात सापडली तेव्हा पोलिसांनी लगेच निकाल लावून टाकला होता. सर म्हणाले, तिला एकटीने सराव करायचा होता, मी किल्ली देऊन घरी गेलो. अंगावर पोहण्याचा पोशाख, डोक्यावर निळी टोपी, पायात गोळा आला असेल, बुडाली. मीही मान डोलावली होती. आई असून मला ठाऊक नव्हतं ते तुम्हा तिघांना, तुला, लांब्याला आणि चष्म्याला, ठाऊक होतं. तिचे ते दाट, लांब केस त्या घट्ट रबरी टोपीत एकटीने कोंबणं तिला कधी जमलंच नाही. कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसून कपाळाशी टोपीची कड दाबून धरायची आणि मागून तू ती ताणून मानेपर्यंत ओढायचीस. रोज. त्या दिवशी तू तापाने अंथरुणात होतीस. तलावावर दुसरं कुणी नव्हतं. मग एकही बट बाहेर न ठेवता ती टोपी तिच्या डोक्यावर चढवली कोणी?

मोठ्या माणसांना हे सांगायला गेलात तर सगळ्यांनी तुम्हाला समजूत घालून परत पाठवलं. तुम्ही मात्र पोलीस ठाण्यात जाऊन बसलात. त्या अधिकारीबाईंच्या डोक्यावर चांगला जाडजूड अंबाडा होता. तू पिशवीतून तसलीच एक टोपी काढून त्यांच्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस की मॅडम, ही एकट्याने चढवून दाखवा, लगेच उठून जातो. लांब्या तुझ्यामागे लपायला बघत होता, पण ती उंची लपणार कुठे! बाईंनी हसत हसत टोपी घेतली. ती सटकन निसटली आणि शेजारच्या हवालदाराच्या चहात पडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, केस सोडून केला, आरशासमोर जाऊन केला. मग टोपी हातात धरूनच त्यांनी खुर्च्या ओढल्या आणि तुम्हाला बसवलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं होतं. पण तू आतून किती घाबरली होतीस, ते त्यांना दिसलं नव्हतं, मला तुझ्या पानावर दिसलं.

आणि आपला चष्मा! मुखदुर्बळ पोरगा, माझ्याकडे पाणी मागायलासुद्धा लाजायचा. तो रोज उथळ पाण्याच्या काठाशी पाय सोडून बसला आणि लहान गटातल्या पोरांना हळूहळू बोलतं केलं. शर्यतीआधी सर ताकदीच्या म्हणून गोळ्या देतात, घरी सांगायचं नाही असं बजावतात, हे त्याला कळलं. भिंगरीला तेच कळलं होतं. ती तलावाच्या व्यवस्थापकांना सांगणार होती, पण त्याआधी सरांना तोंडावर सांगावं, एवढा तिचा सरळपणा. त्या सरळपणापायीच त्या माणसाने तिला पाण्यात दाबून मारलं. कोर्टात त्याने कबूल केलं की टोपी नंतर त्यानेच चढवली. टोपीशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम त्याचाच. बिनटोपीची मुलगी तलावात दिसली तर लोकांना संशय येईल, असं त्याला वाटलं. तुम्ही नसतात तर तो माणूस आजही काठावर शिट्टी वाजवत उभा असता आणि मी त्याला येताजाता नमस्कार करत असते. तुम्ही तिघं सोळा वर्षांची पोरं होतात. मला तुमचा केवढा अभिमान आहे हे मी तेव्हा बोलले नाही, कारण तोंड उघडलं की रडूच यायचं. आता लिहून टाकते. फार अभिमान आहे गं.

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. तुझी नायिका घडोघडी म्हणते, त्या दिवशी मी तलावावर गेले असते तर. प्रत्येक प्रकरणात म्हणते. दादांनी ते वाक्य वाचलं की मी मान वर करायचे आणि ते दुसरीकडे बघायचे. प्रुफं तपासणाऱ्याने लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नसतो, तो आमचा धर्म आहे, म्हणून मी ते खोडलं नाही. पण समासात प्रत्येक वेळी रेघ ओढली आहे, आणि शेवटी शेवटी ती बरीच जाड झाली आहे. अगं, तुला ताप होता. ताप काय विचारून येतो? दोष कोणाचा ते कोर्टाने सांगितलं, आणि कोर्टापुढे तो नेऊन ठेवला तुम्हीच. तुझ्या आईने मला सांगितलं की निकालानंतर तू आमच्या रस्त्याने जायचंसुद्धा टाळायचीस. मला वाटायचं, पोरगी मला बघून हळवी होते, म्हणून येत नाही. कारण हे होतं, ते पुस्तकातून कळलं. ते वाक्य तू स्वतःच्या हाताने काढ. एकदा ठेवायचं असेल तर ठेव, माणसाच्या मनात एकदा येतंच. रोज रोज नको.

आणि आता खरं सांगते, हे सगळं कशासाठी लिहितेय ते. मधल्या एका प्रकरणात भिंगरी बाकावर उभी राहून माझी नक्कल करते. म्हणते, हॉटेलात गेल्यावर माझी आई आधी मेनूकार्ड तपासते, त्यात पेन्सिलने दुरुस्त्या करते, आणि मग वेटर रागावला की टीप जास्त ठेवते. दादा ते वाचताना स्वल्पविराम विसरले. मी इतकी हसले की मालक बाहेर आले. ही नक्कल तिने मला कधी दाखवली नव्हती. ती माझी नक्कल करायची, हेच मला माहीत नव्हतं. ती गेल्यापासून माझ्याकडे तिच्याबद्दल जे आहे ते तेवढंच आहे. मी ते इतक्यांदा काढून पाहिलंय की आता त्यात नवं काही सापडत नाही. लोक माझ्यासमोर तिचा विषय काढत नाहीत, मला त्रास होईल म्हणून. आणि तुझ्या पुस्तकात अचानक माझी मुलगी मला न विचारता काहीतरी नवीन करत होती. खोल पाण्याला ती आधी घाबरायची, मला कुठे ठाऊक होतं? लांब्याच्या बुटांत तिने ओले मोजे कोंबले होते, हेही मला आत्ता कळतंय! पुस्तक छापू दे. पण पुस्तक संपलं बाळा, मी शेवटच्या पानापर्यंत पोहोचले. तुझ्याकडे अजून असेल. पुस्तकात मावलं नाही ते, वाईट दिसेल म्हणून गाळलं ते, तिने माझ्याबद्दल काही वाकडं म्हटलं असेल तर तेही. रविवारी ये. मला रडू आलं तरी थांबू नकोस, सांगत राहा.

तुझीच,
काकू