सावत्र आईचा आवाज

प्रिय ताई,

तुम्ही गेलात त्याला चार वर्षं झाली आणि मी तुमच्या घरात लग्न होऊन आले त्याला दीड. हे पत्र कुठे टाकणार? पण आज सांगितल्याशिवाय राहवतच नाही!

शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या म्हणून चित्रांची पुस्तकं मी निवडते. लोककथा घ्या नाहीतर परीकथा, दुष्ट सावत्र आई हजर! तसली पुस्तकं मी गुपचूप वरच्या फळीवर सारायची. तुमची लेक पहिल्याच रांगेत बसते ना!

आज तिनेच स्टुलावर चढून त्यातलं एक काढलं. "हे वाच. आणि सावत्र आईचा आवाज चांगला भयंकर काढ."

काढला. पोरं किंचाळली! एका चिमुरडीने घाबरून विचारलं, "सावत्र आई खरंच असते?"

"असते की! ही काय, माझी," तुमची लेक ऐटीत म्हणाली. "आत्ता नुसता आवाज काढतेय."

ताई, हसू आणि रडू एकदमच आलं, मला पुढची ओळ दिसेना.

पुढच्या शनिवारची तीन पुस्तकं आम्ही दोघींनी मिळून निवडलीत. तिन्हींतल्या सावत्र आया एकीपेक्षा एक दुष्ट आहेत!

तुमची,
कधीच न भेटलेली धाकटी बहीण