रोट फक्त घरच्यांना

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज पुन्हा तेच. शेजारची काकू दारातून, ‘काय वैशू, सुट्टीवर का?’ मी तोंड उघडायच्या आत आई, ‘हाव, सुट्टी शे तिले.’

कसली सुट्टी? वि.ने पुन्हा हात उचलला म्हणून बॅग भरून पुण्याहून निघाले मी. नवऱ्याचं घर सोडलं, नोकरीही सोडली. आल्या आल्या आई-आबांना सांगितलं. आबा उठून गोठ्यात गेले. आई म्हणाली, ‘व्हई जाई बठ्ठं सरळ.’ होईल सगळं सरळ म्हणे. तोवर गावाला सुट्टी सांगायची. मीही मान डोलावते. त्याचाच जास्त राग येतो.

शनिवार, २ ऑगस्ट

उद्या कानबाई बसणार, आमची खानदेशातली श्रावणातली देवी. धाकटा भाऊ योगेश सकाळीच धुळ्याहून आला, बायको स्वाती आणि बाळाला घेऊन.

रोटाचं दळण काढलं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आबांची, योगेशची, बाळाचीसुद्धा. दात अजून चार नाहीत त्याला! या पिठाचा रोट फक्त घरच्यांनी खायचा, पुनवेच्या आत संपवायचा, बाहेर तुकडासुद्धा द्यायचा नाही. लहानपणापासून पाठ आहे. स्वाती खाणार, ती आता घरची. मी नाही. ‘तुले चालत नही. लगीन व्हयनं, तू तिकडली व्हयनी,’ इति आई.

गहू-डाळ निवडली कोणी? मी. चक्कीवर डबा कोणी नेला? मीच. निवडायला चालते, खायला चालत नाही.

तिकडली म्हणे. तिकडे जाऊन विचारा, ते काय म्हणतात.

रविवार, ३ ऑगस्ट

तळपायाची आग मस्तकात गेलीय. क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी पुरण वाटत होते. दारात एक बाई. तोंडाला ओढणी, तेल लावून बांधलेले केस, साधी चप्पल. ‘ताई, बाथरूम वापरू का? टायर पंक्चर झालाय, ड्रायव्हर बदलतोय.’ मी मागचं दार दाखवलं, बादली दिली. वापरून झाल्यावर तिने बादली पुन्हा भरून ठेवली. चहा घ्या म्हटलं तर माझ्याशेजारीच फरशीवर बसली आणि पुरणाचं पातेलं स्वतःकडे ओढलं. ‘एवढं येतं मला. पोळी लाटायला सांगू नका.’

तिचा आवाज ऐकून स्वाती आतून धावत आली आणि किंचाळलीच. मालिकेतली थोरली सून! नवरा मारतो, सासू छळते, पण ही वर्षानुवर्षं उंबरा ओलांडत नाही, तीच. आई रोज जेवण सोडून हिचं रडणं बघते. मी मालिका बघत नाही, मला कसं कळणार? नाशिकला चालली होती, तीन दिवसांची सुट्टी काढून डोंगरात हिंडून आली होती म्हणे. हिची खरी सुट्टी.

मग काय, अख्खी गल्ली घरात. सगळ्यांबरोबर फोटो काढू दिले तिने. बाळ कडेवर घेतलं, त्याने ओढणी ओली केली तरी हसली. म्हाताऱ्यांच्या पाया पडली, कानबाईचं गाणं बसून ऐकलं. ढोंग नव्हतं त्यात. मी बारीक लक्ष ठेवून होते, एक खोट सापडली नाही.

पान वाढलं. खीर, पुरणपोळी, गंगाफळाची भाजी. आणि आई चक्क रोटाची टोपली घेऊन आली! ती बाईच म्हणाली, ‘काकू, हा घरच्यांचाच असतो ना? माझी आजी नंदुरबारची, मला माहीत आहे. मला नको.’

योगेश म्हणतो, ‘अहो ताई, तुम्ही घरच्याच. रोज आमच्या घरात असता!’

आणि आबा? रोटाचा कण बाहेर जाऊ नये म्हणून आयुष्यभर टोपलीवर डोळा ठेवणारे माझे आबा? म्हणाले, ‘खाय बेटा, तुन्हंच घर शे.’

बेटा. मी आल्यापासून मला एकदा म्हणाले नाहीत.

तिने रोट मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. ‘तुम्ही घ्या ना, मघापासून उभ्याच आहात.’

आई मधे पडली. ‘नको नको, तिले चालत नही. ती सासरनी शे. सुट्टीवर उनी शे.’

तिचा हात तसाच राहिला. मग तिने तुकडा पानात ठेवला आणि खिरीत वेलदोडा किती घालता ते विचारलं. समजूतदार बाई. मी वाढत राहिले.

मागे हात धुवायला आली, मी तांब्याने पाणी घालत होते. हळूच म्हणाली, ‘किती दिवसांची सुट्टी?’

मी तांब्या पुन्हा भरला.

‘मी पण नवऱ्याला सोडून आईकडे राहायचे तेव्हा सगळ्यांना शूटिंग आहे सांगायचे. मग वेगळं घर घेतलं. एकटी राहते आता. सुटले.’

माझा आवाज चढला. ‘मग हे आत जाऊन सांगा की! तुमचं ऐकतील ते. माझं कोण ऐकतंय?’

ती नळाकडे बघत राहिली. ‘त्यांना ती सोसणारी आवडते हो. ती संपली की माझं कामही संपलं.’

खरं बोलली. सॉरीही म्हणाली. खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला. जाताना सगळ्यांना हात जोडले तिने, मलाही. मी आत निघून आले.

वाईट असती तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी पांझरा नदीवर कानबाईचं विसर्जन. परत येताना स्वाती, ‘किती सोसते हो ती. तरी चेहऱ्यावर हसू.’ योगेश लगेच, ‘नाहीतर आपल्याकडे. जरा खट्ट झालं की बॅग.’ म्हणजे त्याला माहीत आहे. सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि सगळे सुट्टी सुट्टी खेळताहेत.

जिभेवर आलं होतं, तुमची ती सून कधीच सुटलीय. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. नाही बोलले. तिचं तिने सांगावं.

आणि माझं?

बुधवार, ६ ऑगस्ट

वि.चा फोन. योगेशने टाकलेला फोटो बघितला म्हणे. नटीच्या मागे मी तांब्या घेऊन. ‘मजा चाललीय. सुट्टी संपली असेल तर ये आता, मी काही मनात ठेवलेलं नाही.’

याने मनात ठेवलेलं नाही!

पण सुट्टी हा शब्द याच्या तोंडात आला कुठून? आईला विचारलं. ती तांदूळ निवडत राहिली. ‘एक फोन करा मी. जावई शे शेवटी.’ एकच केला? मान वर करून बघेना. माझ्या पाठीमागे याला फोन करते. मी जेवणाचं ताट सरकवून उठले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

उद्या पुनव. उरल्या पिठाचे शेवटचे चार रोट आईने सकाळी भाजले. योगेश सोमवारीच धुळ्याला गेला, आबांना चावत नाहीत, आईचं पोट बिघडलंय. टोपली ओट्यावर पडून.

शेजारची काकू येऊन बसली. ‘वैशू, अजून सुट्टीच का गं?’

टोपली पुढे ओढली. एक रोट घेतला, मोडला, खाल्ला. तिच्या देखत. आई ओरडली, ‘काय करी ऱ्हायनी तू!’ मी खातच राहिले. केवढा जाड आणि कोरडा, एका घासाला पाच मिनिटं. याच्यासाठी मी रडत होते? तरी अख्खा संपवला. मग काकूला म्हटलं, ‘सुट्टी नाही काकू. नवरा मारत होता, सोडून आले. आता इथेच राहणार.’

काकू चहा न घेता गेली. आत्तापर्यंत अख्ख्या गावाला कळलं असेल. कळू दे.

आबा दारात उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. म्हणाले, ‘सकाय राखीले योगेश येई. तो काय म्हणस ते देखू.’

म्हटलं, ‘राखी बांधीन आबा. परवानगी मागणार नाही.’

आबा या वेळी गोठ्यात गेले नाहीत. खाली बसले, टोपलीच्या पलीकडे. आई आतून भांडी आपटतेय. टोपलीत अजून तीन आहेत, आजच संपवायचेत. मी दुसरा घेतला. आबा बघताहेत.